रुसलेलं पातेलं

फेर्मिन येणार नाही, हे ब्रिहिदानं सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा ओतिलिया परातीत तमालांचं पीठ फेटत होती. मक्याचं पीठ, डुकराची चरबी, कोंबडीचं कोमट अळणी पाणी, आणि खांदे भरून येईपर्यंत फेटायचं. पिठाची चिमूट पाण्यावर तरंगली की झालं, हे आईचं माप. ओतिलियानं पेल्यात चिमूट टाकली. ती सरळ तळाला गेली.

"बघ," ब्रिहिदा मोलेच्या दाट रश्शाच्या कढईवरून मान न वळवता म्हणाली, "पीठसुद्धा सांगतंय, येत नाही तो."

"पिठाला काय अक्कल? माझेच हात चालेनात."

"मग सोड की. दारावर पाटी लावू. ज्याला बाळ निघालं तो पळाला, तमाल नाहीत, आपापल्या घरी जेवा."

कोपऱ्यात न्येवेस मावशी कणसाची भिजवलेली पानं एकेक पुसून रचत होती. वय ब्याऐंशी, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. "लाव पाटी," ती म्हणाली. "लाउरो मास्तर पाटीसकट दार उचलून आत येतील. बेचाळीस वर्षं जेवताहेत ते इथं."

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, दोघी बहिणींच्या ह्या खाणावळीत गोल गोड पाव कापला होता, रोस्का म्हणतात तो. आत प्लास्टिकची इवली बाळं दडवलेली असतात. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, सगळ्यांना तमाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. लोक बाळ गिळतात, मोज्यात लपवतात, कुत्र्याला चारतात. पण एकदा चार माणसांनी पाहिलं की सुटका नाही. ह्या वर्षी ते निघालं फेर्मिनला. म्हणजे नेमकं त्यांच्या अशा भावाला, जो अकरा वर्षांत ह्या घरी दोनदा आला होता. एकदा आईला मातीआड केल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकदा आता गेल्या महिन्यात, आईच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रार्थनेला. सात तारखेच्या सकाळी तो उत्तरेला सीमेवरच्या तिहुआनाच्या बसमध्ये बसला. अडीच दिवसांचा रस्ता. जाताना "येतो" म्हणाला, पण जाणारे सगळेच येतो म्हणतात.

खरी गोष्ट एकट्या ओतिलियाला ठाऊक होती. बाळ तिच्या तुकड्यात निघालं होतं. दाताला लागताच तिनं ते गालात सरकवलं. तेवढ्यात मावशीची काठी पडली, फेर्मिन ती उचलायला वाकला, आणि ओतिलियानं बाळ एप्रनला पुसून त्याच्या तुकड्याच्या पोटात खालून खुपसलं. एकसष्ट वर्षांत तिनं कुणाची काडी चोरली नव्हती, आणि केली ती ही असली उलटी चोरी. पण भावाला परत आणायला तिच्यापाशी दुसरा दोर नव्हता. फोनवर "ये रे" म्हणायला जायची, मग तिकडची थंडी आणि त्याच्या ट्रकचे टायर विचारून फोन ठेवायची.

तो तिच्या कडेवर वाढला होता. त्याला मीठ लावलेली गरम तोर्तिया गुंडाळून लागायची, बाकी ताट मग. आजही तव्यावरची पहिली तोर्तिया फुगली की तिचा हात आपोआप मिठाकडे जायचा. दुपारी चार वाजता सहाही टेबलं पुसून झाली की ती दाराशी उभी राहून गल्लीच्या तोंडाकडे बघायची. ब्रिहिदा म्हणायची, कुणाची वाट बघतेस? ओतिलिया म्हणायची, कुणाची नाही, वारा खाते. तिला तो हवा होता. सत्तावीस दिवस ती नुसती दोन तारखेकडे डोळे लावून बसली होती.

दहा वाजून गेले आणि दाराशी कुणीतरी बुटांची माती झटकली. फेर्मिन. हातात एकच पिशवी, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"बाळ निघालं होतं मला," तो म्हणाला. "तमाल करायला आलोय."

ओतिलियाचे हात पिठात मनगटापर्यंत बुडालेले, त्यामुळे तिला त्याला धरता येईना. ती नुसतीच "आलास?" म्हणाली आणि मग आणखी एकदा "आलास?" म्हणाली.

"ताई," ब्रिहिदा कढईशी बोलली, "पाहुण्यांना खुर्ची दे. लांबून आलेत. आणि विचार, हात धुणार आहेत का, की तिकडे ती पद्धत नाही."

"पाहुणे हात धुतात म्हणावं," फेर्मिन म्हणाला आणि मोरीकडे गेला.

एके काळी ब्रिहिदा त्याच्यामागं "दादा, दादा" करत शेपटासारखी फिरायची. ते सगळं ती आता विसरली होती. तिच्या लेखी ह्या माणसानं आईला जिवंतपणी मारलं होतं, आणि त्यावर तिचं बोलणं एवढंच: पाहुणे.

फेर्मिननं बाह्या सारल्या आणि परात पुढ्यात ओढली. पंधरा मिनिटांत पीठ पांढरंफेक झालं. त्यानं पेल्यात चिमूट टाकली, ती तरंगली, आणि मावशी म्हणाली, "बाई गं, पुरुषाचं मनगट." मग तो पानावर पीठ थापत गेला, ब्रिहिदा त्यावर कोंबडी आणि मोले घालत गेली, ओतिलिया घडी मारत गेली. तिघांचे हात एकाच फळीवर. ब्रिहिदाच्या आणि त्याच्या हातांमध्ये ओतिलिया मुद्दाम उभी राहिली, दोन भांडणारी पोरं बाकावर बसवताना मधे तिसरं बसवतात तशी.

मोठ्या पातेल्यात पाणी ओतून त्यानं तळाशी नाणं टाकलं. पाणी उकळतंय तोवर नाणं खुळखुळतं. खुळखुळ थांबली की पाणी संपलं समजायचं. आई हेच करायची. वर जाळी, जाळीवर तमाल उभे, त्यावर पानं, वर फडका, झाकण. बरोबर बाराला पातेलं चढलं.

सव्वाला व्हायला हवे होते. सव्वाला झाकण काढलं तर पीठ पानाला चिकटलेलं, कच्चं. पावणेदोनला तेच. दोन वाजता खाणावळ भरली. मेणबत्त्यांचा सण म्हणून लोक आपापल्या घरची बाळ येशूची मूर्ती नवे कपडे घालून चर्चला नेऊन आणतात. लाउरो मास्तरांनी आपला बाळ टोपलीसकट शेजारच्या खुर्चीत बसवला होता. खिडकीतल्या टेबलाशी कुलूपवाला एपिफानियो बायकोसह बसला होता. सगळ्यांची सूप झाली, भात झाला, अंबाडीच्या फुलांचं सरबत दोनदा झालं.

"ओतिलियाबाई," मास्तरांनी हाक मारली, "आता टेबल खाऊ की खुर्ची?"

"दहा मिनिटं, मास्तर."

"दहा मिनिटं मघाशीही होती. माझ्या बाळाला झोप आली."

स्वयंपाकघर आणि जेवायची जागा ह्यांच्यामध्ये कमरेएवढीच भिंत होती. इकडची कुजबुज तिकडे आणि तिकडचा ढेकर इकडे ऐकू यायचा. अडीच वाजता फेर्मिननं पुन्हा झाकण उचललं, एक तमाल उलगडला आणि मान हलवली.

"जाळ आहे," ओतिलिया म्हणाली. "पाणी आहे, नाणं वाजतंय."

"मग राहिलं काय ते कळत नाही होय गं तुम्हाला?" न्येवेस मावशी काठी टेकत उठली. "कुणीतरी राग गिळून हात लावलाय. पातेलं रुसलंय. शंभर वर्षं उकळा, शिजायचे नाहीत. ज्याच्या पोटात आहे त्यानं ओकून टाकावं आणि पातेल्यापुढं नाचावं. माझ्या आईनं लग्नात तिघांना नाचवलं होतं."

"माझ्या पोटात आहे," ब्रिहिदा म्हणाली. "गिळलेला कुठला, अकरा वर्षं तोंडावर वागवतेय. पण मी नाचणार नाही. ज्यानं केलं त्यानं नाचावं."

"ब्रिहिदा, लोक आहेत," ओतिलिया दबक्या आवाजात म्हणाली.

"तेव्हा नव्हते लोक? हेच होते. हे मास्तर होते, हा एपिफानियो होता." ती पहिल्यांदाच फेर्मिनकडे वळली. "आईनं ताट पुढ्यात ठेवून विचारलं, मीठ कसंय रे? आणि तू काय म्हणालास? म्हण ना आता. म्हण."

फेर्मिनच्या हातात झाकण तसंच होतं. "म्हणालो, आई, खारट झालंय. किती महिने झाले, खारटच होतंय. आता डाव ताईकडे दे."

"भरल्या खाणावळीत!"

"हो."

"त्या दिवशी तिनं एप्रन सोडला तो त्या खिळ्याला लटकवला. मेली तोवर पुन्हा स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. नऊ वर्षं दाराशी बसून घेवडा निवडत होती. जाणाऱ्या-येणाऱ्याला 'अंगी लागो, अंगी लागो' म्हणत. जिच्या हातचं अर्धं आनाल्को गाव जेवलं, ती. एका तापात तिच्या जिभेची चव गेली, तर तू तिचा हातही काढून घेतलास."

 फेर्मिननं मान खाली घातली. तो काही बोलणार नव्हता, हे ओतिलियाला कळलं. तेव्हाही बोलला नव्हता. पिशवी भरली होती आणि गेला होता. आजही तमाल शिजोत न शिजोत, तो दाढी करून, मावशीच्या पाया पडून संध्याकाळच्या बसमध्ये बसेल, आणि मग ती कितीही बाळं कितीही पावांत खुपसो, तो येणार नाही. 

"मी सांगितलं होतं," ओतिलिया म्हणाली.

"काय?"

"मी सांगितलं होतं त्याला. त्या सकाळी. ह्याच फळीपाशी." तिचा आवाज फुटत होता, पण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "चार महिने मी आईच्या मागून मोलेत पाणी ओतत होते, बटाटे टाकत होते. मास्तर तीन-तीन पेले सरबत प्यायचे, पण बोलायचे नाहीत. मला धीर होत नव्हता. म्हटलं, फेर्मिन, तू सांग आईला, तू लाडका, तुझं ऐकेल. मी त्याला पाठवलं आणि मी इथं चुलीशी पाठ करून उभी राहिले. मग तू त्याला बोललीस, आई त्याच्याशी बोलेना, आणि मी तेव्हाही पाठ करूनच उभी होते. अकरा वर्षं."

ब्रिहिदा तिच्याकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "शेवटच्या रात्री आई विचारत होती, त्याला असं चारचौघांत कसं सुचलं म्हणून. मी म्हटलं, त्याच्या मनात माया नाही. तू उशाशी बसली होतीस, ताई. तिचा हात तुझ्या हातात होता."

"होता."

"आणि तू गप्प."

"गप्प."

ह्यावर ब्रिहिदानं ओरडायला हवं होतं, थोबाडीत मारायला हवं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. फडक्यानं फळी पुसायला लागली, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिली. पातेल्यातलं नाणं खुळखुळतच होतं.

"चारचौघांत बोललो ते मीच," फेर्मिन म्हणाला. "ताईनं बाजूला नेऊन सांग म्हटलं होतं. आईनं ताट ठेवून विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ती चूक माझी, ताई. तिच्यात तुझी वाटणी नाही."

"अरे, मग इतकी वर्षं नाव का नाही घेतलंस माझं?"

"घेऊन काय? आईचा तुझ्यावरचाही विश्वास उडाला असता. मग तिच्या हाताशी कुणी राहायचं? मी गेलो, एक गेला. दोघं कशाला घालवायची?"

ओतिलियाला रडू आवरेना. तिनं एप्रन तोंडाला लावला. न्येवेस मावशीला मात्र दुसरीच घाई होती. तिनं काठी फरशीवर आपटली. "राग कुणाचा आणि पाप कुणाचं, सगळं कळलं. आता नाच."

"मावशी, अगं—"

"नाच म्हणते. पातेलं वाट बघतंय, मास्तर वाट बघताहेत, मी मरायच्या आत एक तमाल खाईन म्हणते."

मावशीनं दोन पानांच्या चिंध्या केल्या आणि पातेल्याच्या दोन्ही कानांना फुलांसारख्या बांधल्या. ओतिलिया एप्रनला नाक पुसत पातेल्यापुढं उभी राहिली. तिचा डावा गुडघा गेली तीन वर्षं जिना चढत नव्हता. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. लाज, रडू आणि गुडघा ह्यांपैकी काय जास्त दुखत होतं कुणास ठाऊक. भिंतीपलीकडून एपिफानियोनं टाळ्यांचा ठेका धरला. मास्तरही टेबलावर चमचा वाजवू लागले. चौथ्या गिरकीला तिचा तोल गेला, आणि कुणीतरी कोपर घट्ट धरलं.

"पडशील," ब्रिहिदा म्हणाली. तिच्या आवाजात मायाबिया काही नव्हती. "मोडलीस तर उद्या कढई कोण उचलणार?"

पण कोपर तिनं सोडलं नाही. दोघी बहिणी तशाच, एकीनं एकीला धरून, पातेल्यापुढं दोन फेऱ्या डुलल्या.

कशानं ते मला विचारू नका, पण तीन वाजता झाकण काढलं तर पान सुटं झालं होतं. तमाल उभा राहिला, वाफ काढत, पानाला एक कणही न चिकटता. खाणावळीत आरडाओरडा झाला. मावशी म्हणाली, "सांगितलं होतं की नाही?" आणि सगळ्यांकडून तीन-तीनदा कबूल करून घेतलं.

ताटं भरताना फेर्मिननं ओतिलियाची ओंजळ ओढली आणि तिच्यात काहीतरी ठेवलं. प्लास्टिकची दोन बाळं.

ओतिलियानं ती मोजली. "दोन?"

"एक माझ्या पहिल्याच घासाला लागलं होतं. मी खिशात घातलं. म्हटलं, कुणी बघितलं नाही, सुटलो. ब्रिहिदाचं तोंड पुन्हा बघायची हिंमत नव्हती, ताई. इकडे कुणाला मी नकोय, आता परत यायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो." तो तिच्याकडे बघून हसला. "मग काठी उचलून वर बघतो तर तुझा गाल सपाट झालेला. मघापर्यंत फुगलेला होता. लहानपणी साखरेचा खडा लपवायचीस तसाच. आणि माझ्या तुकड्यात आणखी एक बाळ. बसमध्ये अडीच दिवस ते मुठीत धरून बसलो होतो. म्हटलं, त्या घरात कुणीतरी आपल्याला चोरी करून बोलावतंय."

"तुला माहीत होतं?"

"तुला लपवता कधी येतं?"

"दोन बाळं?" मावशीचे कान तिथंच होते. "मग दोन वर्षं तमाल. ह्या वर्षी आणि पुढच्या."

"असला काही नियम नाही, मावशी," फेर्मिन म्हणाला आणि चोरून ब्रिहिदाकडे बघितलं. ब्रिहिदानं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती चार ताटं घेऊन बाहेर गेली. ओतिलियानं दोन्ही बाळं एप्रनच्या खिशात टाकली. पुढच्या वर्षाबद्दल विचारायला तिची जीभ रेटेना. आज आला, एवढं पुरे म्हणावं, असं ती मनाला सांगत होती, आणि मन ऐकत नव्हतं.

एपिफानियो आणि त्याची बायको जेवून उठले, दाराशी थांबून सगळ्यांना "अंगी लागो" म्हणाले. खाणावळीनं तोंडात घास घेऊनच आभार मानले. मास्तरांनी शेजारच्या खुर्चीतली बाळाची टोपली मांडीवर घेतली आणि मोकळी खुर्ची पायानं पुढं सरकवली. "फेर्मिन, बस. ज्याचे तमाल तो उपाशी, हे बरं नाही."

फेर्मिन बसला. आईनं शेवटचं ताट वाढलं तेव्हा बसला होता त्याच जागी.

ब्रिहिदा ताट घेऊन आली. दोन तमाल, वर कढईतला मोले ओतलेला. तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं आणि गेली नाही. उभीच राहिली, हात एप्रनमध्ये गुंडाळून. त्यानं पहिला घास घेतला.

"मीठ कसंय?" तिनं विचारलं.

मास्तरांचा चमचा मधेच थांबला. भिंतीपलीकडे ओतिलियाच्या हातातला डाव थांबला. फेर्मिननं घास सावकाश चावला, गिळला, आणि ब्रिहिदाकडे वर बघितलं.

"कमी आहे," तो म्हणाला. "थोडंसं."

ब्रिहिदानं शेजारच्या टेबलावरची मिठाची वाटी उचलली आणि त्याच्या ताटाशी ठेवली.

"पुढच्या वर्षी तू घाल, दादा," ती म्हणाली आणि एपिफानियोचं रिकामं ताट उचलून आत आली.